घाटाच्या दोन बाजूंचे रूळ

निजाम सरकारने १८८४ साली औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले. तेव्हा आजच्या जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग त्या जिल्ह्याच्या पोटात होता आणि त्या मुलखात रुळाचा एक तुकडाही नव्हता. मुंबईहून औरंगाबादला यायचे तर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नांदगाव स्टेशनावर उतरायचे आणि पुढचा रस्ता टांग्याने किंवा बैलगाडीने कापायचा. वेरूळ पाहायला येणारे साहेबलोकही याच वाटेने येत. जालन्याचा कापूस, गळिताची धान्ये आणि फळे याच गाडीवाटांनी पठाराच्या कडेपर्यंत जात आणि घाट उतरून खानदेशातल्या एखाद्या स्टेशनावर पोचत.

यानंतरचे दोन कागद पाहावेत. एक १९०८ सालचे ‘इम्पीरियल गॅझेटिअर’ आणि दुसरा १९११ च्या ‘एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका’तली जालन्यावरची चार-पाच ओळींची नोंद. ब्रिटानिकात जालना हे निजामाच्या रेल्वेच्या गोदावरी शाखेवरचे गाव आहे. १९०१ च्या शिरगणतीत त्याची वस्ती २०,२७० होती. कुंडलिका नदीच्या पलीकडच्या कादराबाद या व्यापारी पेठेची ११,१५९ होती. १८२७ साली वसवलेली हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत इथे होती. इथल्या बागांतली फळे मोठ्या प्रमाणात बाहेर जात. एवढीच माहिती आहे, पण जालन्याच्या मालवाहतुकीचा इतिहास लिहायचा तर तिचा प्रत्येक तपशील उपयोगी पडतो.

१८८४ आणि १९०८ या दोन कागदांच्या मध्ये रूळ आला. तो कुठून कुठे गेला हे सर्वांना ठाऊक आहे. मला जास्त लक्ष द्यावेसे वाटते ते तो कुठे गेला नाही याकडे. जालन्याच्या ईशान्येला, अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे खामगाव आहे. वऱ्हाडातल्या कापसाच्या मोठ्या बाजारांपैकी तो एक. त्या गावाला १८७० सालीच रेल्वे मिळाली होती. जालन्याला ती १९०० च्या सुमारास मिळाली. दोन्ही ठिकाणी कापूस, जिन आणि प्रेस होते, आणि दोन्ही गावांचा माल मुंबईला जायचा. मधले अंतर जेमतेम १६० किलोमीटरचे. तरीही देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली या पट्ट्यात सव्वाशे वर्षांत रूळ पडला नाही. मागणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. हा दोष नेहमी दुर्लक्षाच्या खात्यावर टाकला जातो. कागद पाहिले तर दुर्लक्ष हे निम्मेच कारण ठरते.

आधी खामगाव पाहू. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड मूळचा निजामाचा, पण कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी १८५३ पासून तो इंग्रजांच्या कारभाराखाली होता. भुसावळहून नागपूरकडे जाणारी जीआयपीची मुख्य लाइन खामगावच्या उत्तरेने, जलंबवरून गेली आणि बाजार तिच्यापासून आठ मैलांवर राहिला. तेव्हा सरकारने आपल्या खर्चाने जलंब–खामगाव ही आठ मैलांची शाखा बांधली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः येऊन ती उघडून गेले. बडनेरा–अमरावती हा तुकडाही त्याच जातीचा आणि त्याच सुमाराचा. आठ मैलांच्या शाखेच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय येतो, यावरून त्या काळात कापसाचे वजन किती होते हे कळते.

ही शाखा बांधण्यामागचा विचार सरळ होता. बाजारातला माल मुख्य लाइनीवर आणायचा आणि तिथून बंदरावर पोचवायचा. खामगावच्या दक्षिणेला काय आहे, हा प्रश्न त्या आराखड्यात येतच नाही. दक्षिणेला बुलढाण्याचा घाट चढायचा होता आणि घाटावर काही मजला गेले की निजामाची हद्द लागत होती. शाखेने बाजार गाठला आणि तिचे काम संपले.

याच मेयोंच्या कारकिर्दीत, त्याच वर्षाच्या आगेमागे, आणखी एक निर्णय झाला. त्याचा खामगावशी वरवर काही संबंध दिसत नाही. सरकारी खर्चाने बांधायच्या नव्या लाइनींसाठी साडेपाच फुटांच्या ब्रॉडगेजऐवजी स्वस्तातला मीटरगेज वापरायचे ठरले. खामगावची शाखा ब्रॉडगेज होती, कारण तिला जीआयपीच्या लाइनीला जोडायचे होते. तीस वर्षांनी जालन्याला आलेला रूळ मीटरगेजचा होता. म्हणजे ही दोन गावे कधी जोडली गेली असती, तरी मध्ये कुठेतरी माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागलाच असता. एका व्हाइसरॉयच्या अमदानीत जालना आणि खामगाव यांच्यामध्ये आणखी एक हद्द आखली गेली, तीही दोन्ही गावांच्या डोक्यात असा विचार येण्यापूर्वीच.

आता निजामाची बाजू. हैदराबादची पहिली लाइन, वाडीहून हैदराबादपर्यंतची, १८७४ साली सुरू झाली. ती ब्रॉडगेज होती, कारण सिकंदराबादची इंग्रजी छावणी मुंबई–मद्रास मार्गाशी अखंड जोडलेली हवी होती. पुढच्या विस्तारासाठी १८८३ मध्ये लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि निजाम सरकारने तिला व्याजाची हमी दिली. त्यावरूनच तिचे नाव ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ पडले. हा करार गुपचूप उरकला जात असल्याची तक्रार हैदराबादेत झाली. चांदा रेल्वे योजना म्हणून ओळखल्या गेलेल्या या विस्ताराविरुद्धच्या चळवळीत पुढे असलेले अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना राज्याबाहेर काढण्यात आले. ते सरोजिनी नायडूंचे वडील. रेल्वेचा पैसा कुणाच्या खिशातून जातो यावर निजामी मुलखात वाद उठला तो असा, मराठवाड्यात रूळ यायच्या पंधराएक वर्षे आधी.

१८८९ पर्यंत कंपनीची लाइन बेझवाड्याला पोचली. मग वायव्येकडची बाजू हाती आली. तिचे नाव हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे. मीटरगेज, सिकंदराबाद ते मनमाड, ३९१ मैल. ती केव्हा सुरू झाली याबद्दल वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी साले सापडतात. कुठे १८९९, कुठे १९००, कुठे १९०१. माझ्या मते या तिन्ही सालांत फारसा विरोध नाही. एवढी लांब लाइन तुकड्यातुकड्यांनी वाहतुकीला खुली होते. शिवाय निजामी दप्तर फसली सनावर चालायचे. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, त्यामुळे फसली १३०९ म्हणजे ऑक्टोबर १८९९ ते ऑक्टोबर १९००. इसवी सनात उतरवताना एक वर्ष इकडचे तिकडे होणे सहज घडते. औरंगाबाद स्टेशनाचे साल १९०० धरले जाते. जालना त्याच्या पुढचे.

या सालांकडे पाहताना आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. १८९९–१९०० हा छप्पनचा दुष्काळ, संवत १९५६ चा. राजस्थान-गुजरातेतल्या जुन्या लोकांच्या तोंडी तो याच नावाने होता. मराठवाड्यातून मातीचे भराव घालत ही लाइन पुढे सरकत होती ती नेमक्या याच वर्षांत. दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडायला आणि माती टाकायला येत, हे त्या काळच्या कुठल्याही रेल्वेच्या बाबतीत खरे आहे. जवळच्या दौंड–मनमाड लाइनीचेही तेच. ती १८७८ ची, म्हणजे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळातली. मनमाडला दोन दिशांनी आलेले रूळ दोन वेगवेगळ्या दुष्काळांतले आहेत, हे नकाशावर दिसत नाही.

मार्ग कसा निवडला, हे जमीन पाहिली की समजते. लाइनीच्या नावात गोदावरी असली तरी जालना जिल्ह्यात ती गोदावरीपासून बरीच दूर आहे. गोदावरी जिल्ह्याच्या दक्षिण कडेने वाहते आणि रूळ मधून जातो. तो धरतो दुधनेचे खोरे. करमाड, बदनापूर, दिनागाव, जालना, सारवाडी, कोडी, रांजणी, पारडगाव, परतूर आणि पुढे सेलू. दुधना पूर्वेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला मिळते, आणि रूळही साधारण त्याच उताराने परभणी, पूर्णा, नांदेडकडे उतरतो. चढ कमी, कापणी कमी, खर्च कमी. उत्तरेकडची अजिंठ्याची रांग तापी आणि गोदावरी यांची खोरी वेगळी करते. ती ओलांडायची म्हणजे बोगदे आणि घाट आले. दुधनेच्या काठाने जाण्यात तसली कटकट नव्हती. या निवडीमुळे भोकरदन, जाफराबाद, अंबड, मंठा ही गावे रुळापासून दूर राहिली आणि आजही दूरच आहेत. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला हा एकच रूळ आला.

जालना या मार्गावर का घेतले, याचे उत्तर सहसा ‘छावणी’ असे दिले जाते. १८०३ मध्ये असईची लढाई झाली ती आजच्या जालना जिल्ह्यातच. १८२७ पासून इथे कंटिंजंटची पलटण होती, आणि रेल्वे म्हटली की फौज आलीच. हे उत्तर अपुरे आहे, आणि ब्रिटानिकातलाच तपशील ते अपुरे ठरवतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. हैदराबाद कंटिंजंट हिंदुस्थानी फौजेत विलीन झाली आणि १९०३ मध्ये जालन्याची छावणी उठली. म्हणजे रूळ पडल्यानंतर तीनेक वर्षांतच फौज निघून गेली. शतकाच्या सुरुवातीलाच जालना स्टेशनाचे भवितव्य पूर्णपणे मालावर येऊन ठेपले. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण लोकांच्या तोंडी आहे ती कादराबादच्या पेठेमुळे, पलटणीमुळे नाही.

मालाचे गणित असे होते. शेतातला कापूस जिनमध्ये जाई. सरकी वेगळी होऊन रुई उरे आणि प्रेसमध्ये तिची घट्ट गाठ बांधली जाई. रेल्वेच्या डब्यात जागा मोजकी असते. सैल भरलेले बोजे नेण्यापेक्षा दाबलेली गाठ नेणे फार स्वस्त पडते, म्हणून स्टेशन आले की त्याच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत. मुंबईच्या बाजारात ७८४ पौंडांच्या खंडीवर भाव ठरे. जालन्याहून निघालेली गाठ सुमारे पावणेदोनशे किलोमीटर मीटरगेजवरून मनमाडला पोचे आणि तिथे थांबे. तिथून पुढची लाइन जीआयपीची, ब्रॉडगेजची. मालधक्क्याच्या एका बाजूला छोट्या लाइनीचा डबा, दुसऱ्या बाजूला मोठ्या लाइनीचा, आणि मध्ये हमालांच्या पाठी. हमालीचा खर्च, गाठ फाटून होणारी घट, पावसात लागणारी ओल, आणि पलीकडचा रिकामा डबा मिळेपर्यंतची खोटी. हे सगळे व्यापाऱ्याच्या भावातून वजा होई. दुसरे टोक सिकंदराबादचे, तिथेही निजामाची जुनी लाइन ब्रॉडगेजच. म्हणजे जालन्याचा डबा उलटसुलट कुठल्याही दिशेने मुंबईच्या बंदरापर्यंत सलग जाऊच शकत नव्हता. ३९१ मैलांची ही लाइन सुरुवातीची कित्येक वर्षे दोन ब्रॉडगेजच्या मध्ये एकटी पडलेली होती.

त्यावर करोडगिरी. हैदराबाद संस्थानाचे हे जकात खाते राज्यात येणाऱ्या आणि राज्याबाहेर जाणाऱ्या मालावर शेकडा पाचच्या दराने जकात घेई. याचा पाया १८०२ च्या इंग्रजांबरोबरच्या व्यापारी तहात होता. जालन्याहून कापूस मनमाडला गेला काय किंवा गाडीवाटेने खामगावला गेला काय, सरहद्द ओलांडली की करोडगिरी भरावी लागेच. रेल्वेच्या वाटेवर ती ठरल्या जागी, पावतीवर वसूल होई आणि राज्याच्या दृष्टीने ते सोयीचे होते. डोंगरातल्या दहा वाटांवर नाकी बसवण्यापेक्षा एका रुळावर लक्ष ठेवणे केव्हाही सोपे. निजाम सरकारला जालना–खामगाव जोडणी हवीशी वाटावी, असे या व्यवस्थेत काहीच नव्हते. उलट आपल्या मुलखातला माल आपल्या हमीच्या लाइनीवरून मनमाडपर्यंत गेला, तर भाडेही कंपनीच्या गल्ल्यात पडत होते. कंपनीची मिळकत कमी पडली तर व्याजाची हमी निजामाच्या तिजोरीने भरायची होती. हमी देणाऱ्याने स्वतःच्याच लाइनीला स्पर्धक का उभा करावा?

वऱ्हाडच्या बाजूलाही तेच. जीआयपीला खामगावचा माल मिळतच होता. घाट चढून निजामाच्या मुलखात जायला भांडवल कोण देणार, आणि तिथला माल तर मनमाडला आपोआप आपल्याच लाइनीवर येत होता. जालन्याच्या गाठी खामगावमार्गे आल्या काय किंवा मनमाडमार्गे, मनमाडच्या पुढे त्या जीआयपीच्याच. आणि खरे सांगायचे तर मुंबईला जाणाऱ्या मालासाठी खामगावचा रस्ता आडवळणाचाच आहे. जालना–खामगाव–जलंब–भुसावळ–मनमाड असा वळसा कुणी घालावा? या जोडणीचा उपयोग नागपूर, कलकत्ता, उत्तर हिंदुस्थान या दिशांना जाणाऱ्या मालाला, आणि त्या काळी कापसाची ओढ एकाच दिशेला होती. शाखेचा आराखडा बंदराकडे तोंड करून काढला जायचा. शेजारच्या बाजाराकडे तोंड करून काढलेली शाखा त्या काळात फार क्वचित दिसते.

हे अनुमान ताडून पाहायला एक चांगले उदाहरण आहे, हिंगोलीचे. हिंगोलीही कंटिंजंटची छावणी आणि कापसाचा बाजार होता. निजामाच्या रेल्वेने पूर्णा–हिंगोली ही शाखा १९१२ मध्ये उघडली. नकाशा पाहिला तर पुढे वऱ्हाड, वाशिम आणि अकोला ओळीत दिसतात. पण रूळ हिंगोलीला थांबला, हद्दीच्या अलीकडे. तो पुढे अकोल्याला आणि खंडव्याला जाऊन मिळाला तो स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या आसपास. मधली जवळजवळ पन्नास वर्षे शाखेचे टोक तिथेच राहिले. घाट आणि जमीन ही कारणे जालना–खामगावच्या बाबतीत सांगता येतात, हिंगोलीच्या बाबतीत तेवढी सांगता येत नाहीत. तिथे अडथळा होता तो हद्दीचाच. खानदेशच्या बाजूनेही हेच घडले. पाचोरा–जामनेर ही नॅरोगेज शाखा १९१९ च्या सुमारास झाली, पहूरवरून अजिंठ्याच्या पायथ्याजवळून गेली, पण डोंगर चढून निजामाच्या हद्दीत शिरली नाही. उत्तरेकडून आलेल्या या शाखा रांगेखाली थांबल्या. दक्षिणेकडचा रूळ रांगेच्या अलीकडूनच पूर्वेला गेला.

१ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि करोडगिरीचे दिवस भरत आले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि बुलढाणा जिल्हा एकाच राज्यात आले. १८५३ ची ती हद्द गेली. मग जोडणी का झाली नाही?

हद्दीने पुन्हा जागा बदलली, असे मी म्हणेन. जीआयपी मध्य रेल्वे झाली. निजामाची रेल्वे काही वर्षे तिच्यातच होती. २ ऑक्टोबर १९६६ ला सिकंदराबादच्या मुख्यालयाखाली दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि जालन्याचा रूळ पुन्हा हैदराबादच्या बाजूला गेला. खामगाव भुसावळ विभागात, मध्य रेल्वेत. जालना १ एप्रिल २००३ पासून नांदेड विभागात, दक्षिण मध्य रेल्वेत. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा, ही मराठवाड्यातली मागणी जुनी आहे आणि तिच्यामागे नुसती अस्मिता नाही. दोन झोनच्या मधली नवी लाइन कुणाच्याच हिशेबात पहिल्या क्रमांकावर येत नाही. भाड्याची वाटणी, गाड्यांची सोय, देखभाल, सगळ्यात दोन घरे सांभाळावी लागतात.

आणि गेज तर होतेच. मनमाड–जालना–परभणी मार्ग ब्रॉडगेज व्हावा म्हणून गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. ती मागणी अखेर १९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात पुरी झाली. मनमाडची हमाली संपली. जालन्याचा डबा पहिल्यांदाच न उतरता न भरता मुंबईला जाऊ शकला. पण इथे एक विचित्र गोष्ट घडली आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही. १९८० च्या दशकात भारतीय रेल्वेने एकेक सुटा डबा नोंदवून घेण्याचा जुना धंदा आवरता घ्यायला सुरुवात केली होती. आता चाळीस-पन्नास डब्यांचा अख्खा रेक एका जागेवरून एका जागी न्यायचा, असे धोरण आले. परतूर किंवा बदनापूरच्या एखाद्या जिनवाल्याकडे महिन्याला दोन-चार डब्यांचा माल असेल, तर त्याला या पद्धतीत जागाच नव्हती. रेल्वे जेव्हा त्याच्यासाठी सलग झाली, तेव्हाच ती त्याच्यासाठी बंद झाली. त्याचा माल ट्रकने जाऊ लागला. गेज बदलाचा फायदा प्रवाशांना लगेच मिळाला आणि मालाला मिळाला तो मोठ्या गिऱ्हाइकांपुरता. खत, सिमेंट, धान्य हे रेकने येणारे माल. लहान व्यापाऱ्याचा माल त्यात नव्हता.

जालन्याचा मालही तोवर बदलला होता. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको स्थापन केली आणि पुढे जालना बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. औद्योगिक वसाहतीत सळईच्या गिरण्या उभ्या राहिल्या. बियाणे किमतीच्या मानाने हलके, ते पोत्यात भरून कशानेही जाते. सळई जड आहे. भंगार बंदरावरून येते आणि सळई चारी दिशांना जाते, तीही ट्रकनेच. रुळाला लागून असलेल्या गावात जड लोखंडाचा धंदा रस्त्यावर चालतो, हे जालन्याच्या रेल्वेच्या इतिहासातले सर्वात बोलके वास्तव आहे. हे दुरुस्त करायला २५ डिसेंबर २०१५ रोजी नितीन गडकरींच्या हस्ते ड्रायपोर्टचे भूमिपूजन झाले. जवाहरलाल नेहरू बंदराने दरेगाव–जवसगाव परिसरात जागा घेतली आणि जवळच्या दिनागाव स्टेशनाहून तिथे रूळ न्यायचे ठरले. जालना जिल्ह्याच्या हद्दीत मुख्य लाइनीतून बाहेर पडणारी आणि केवळ मालासाठी असलेली ही जोडणी. शाखा म्हणायला ती फारच आखूड आहे, पण सव्वाशे वर्षांनी तिचेही तोंड बंदराकडेच आहे. २ जानेवारी २०२२ ला जालन्याहून थेट आसाममधल्या जोरहाटला कांद्याची किसान रेल्वे सोडली गेली. तेव्हा माल पूर्वेकडे निघाला, आणि खामगावची लाइन असती तर तिचा उपयोग कशासाठी झाला असता हे एका फेरीत दिसले.

या काळात पूर्वेची वाट रस्त्याने घेतली. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी खुला झालेला समृद्धी महामार्ग जालना, सिंदखेड राजा, मेहकर असा जातो. खामगावच्या लाइनीने ज्या पट्ट्याला नागपूरशी जोडले असते, तो पट्टा ट्रकवाल्यांच्या हाती गेला. रेल्वेच्या तक्त्यात आता खामगावचा मार्ग आणखी अवघड झाला, कारण त्यात वाहतुकीचा अंदाज आणि परताव्याचा दर मांडावा लागतो आणि माल आधीच रस्त्यावर गेलेला आहे.

९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आठ नव्या लाइनींना मंजुरी दिली. एकूण सुमारे ९०० किलोमीटर, २४,६५७ कोटी रुपये. त्यात जालना–जळगाव आहे, १७४ किलोमीटर, सुमारे ७,१०० कोटी, खर्चाचा निम्मा वाटा राज्याचा. राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा तिचा मार्ग. अजिंठ्याची रांग पहिल्यांदाच जालन्याच्या बाजूने रुळाने ओलांडली जाईल आणि १९०० च्या रुळाने वगळलेल्या भोकरदनला स्टेशन मिळेल. शतकापूर्वी बैलगाड्या ज्या घाटाने कापूस खानदेशात उतरवत, त्याच घाटाच्या आसपास हे बोगदे येतील. ३१ जुलै २०२५ ला छत्रपती संभाजीनगर (जुने औरंगाबाद)–परभणी दुहेरीकरणालाही मंजुरी मिळाली, १७७ किलोमीटर. जिल्ह्यातला एकेरी रूळ आता दोन होणार.

खामगाव–जालना मार्गाचे सर्वेक्षण झाले आहे आणि निम्मा खर्च उचलण्याची तयारी राज्य सरकारने दाखवली आहे. पण जळगावची लाइन आली की जालन्याचा भुसावळ, नागपूरकडे जाणारा माल अजिंठ्याच्या बोगद्यातून जाऊ शकेल. वळसा पडला तरी तो रेल्वेला चालण्याजोगा वळसा असेल. म्हणजे खामगावच्या लाइनीचे समर्थन आता जालन्याच्या मालावर न करता मधल्या गावांच्या मालावर करावे लागेल. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली इथला कापूस, सोयाबीन, हरभरा. १८७० च्या आणि १९०० च्या आराखड्यांत या गावांना कुणी विचारले नव्हते. आता त्यांचे आकडे मांडल्याशिवाय ही फाइल पुढे सरकणार नाही.